भिंतीला लावलेलं चंदन

बेळगाव स्टेशनात गाडी उभी होती आणि आई खिडकीच्या गजांतून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." मी मुद्दाम म्हटलं, "जाते." रुसले होते. माझी चळवळ, माझी माणसं, माझं गाव सोडायला लावून घरचे मला कलकत्त्याला धाडत होते. गोड बोलायची कुठली इच्छा असणार? दादा आत बाकाखाली ट्रंक ढकलत होता. तिथूनच ओरडला, "आई, ती येते म्हणाली असं समज आणि घरी जा. नाहीतर इथंच सत्याग्रह सुरू करेल."

चळवळीतले तुम्ही सगळे होता त्या प्लॅटफॉर्मवर. घोषणा द्यायच्या नाहीत असं माझ्या वडिलांनी, अण्णांनी तुम्हाला बजावलं होतं, तरी गाडी हलल्यावर कुणीतरी दिलीच. हे लिहितेय ते तुमच्यासाठी. आणि माझ्यासारखे जे नोकरीपायी, लग्नापायी किंवा आईबापांच्या धसक्यापायी बाहेर पडले, त्यांच्यासाठीही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले, तेव्हा नाजूक भाषेची अपेक्षा ठेवू नका.

मला का धाडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सीमेच्या सत्याग्रहात दोनदा पकडले गेले, आलेलं स्थळ त्यामुळे परत गेलं, आईने अंथरूण धरलं. दादा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये अधिकारी, बालीगंजला त्याला सरकारी भाड्यातला फ्लॅट. "तिकडे कुणी तिला ओळखत नाही, डोकं थंड होईल," असं ठरलं. एकोणसत्तर सालच्या कलकत्त्यात डोकं थंड करायला पाठवलं मला! तिथल्या प्रत्येक भिंतीवर आमच्या सगळ्या भिंतींपेक्षा जास्त घोषणा होत्या. पहिल्या आठवड्यात मी भिंतीच वाचत हिंडले. बंगाली लिपी त्यांच्यावरूनच शिकले.

आपण काय मागत होतो? रेघ. नकाशावरची रेघ चार बोटं सरकवा, एवढंच. ती मागणी मी अजूनही सोडलेली नाही, उगाच तोंडं वाकडी करू नका. पण रेघ सरकते तेव्हा रेघेवरच्या माणसांचं काय होतं, हे मला बेळगावात कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सकाळी लोणी विकायला येणारी गंगव्वा कन्नड, संध्याकाळी आपण तिच्या सरकारविरुद्ध ओरडायचो आणि दुसऱ्या दिवशी ती दारात टोपली उतरवून म्हणायची, "ओरडून घसा बसला की गं तुझा. घे, लोणी चाट." आपली भांडणं अशी. रात्री रेघेवरून भांडायचं आणि सकाळी ती ओलांडून लोणी आणायचं. जगात सगळीकडे असंच असतं अशी माझी समजूत होती.

आमच्या फ्लॅटच्या खाली मालतीदी राहायची. दी म्हणजे ताई. मुलींच्या शाळेत शिकवायची, नवरा बरीच वर्षं आधी गेलेला, एकटीच. माझ्या सुमनचं तिने पहिल्या दिवशीच शुमोन केलं. त्या वर्षी भाऊबिजेला वहिनीने मला फराळाचं ताट घेऊन खाली पाठवलं. दार उघडंच होतं. मालतीदी नवी साडी नेसून, केस धुऊन, भिंतीसमोर पाटावर बसली होती. समोर समई, दूर्वा, मिठाईची बशी. डाव्या हाताच्या करंगळीने तिने चंदन उचललं आणि भिंतीला लावलं. पुसल्यासारखं नाही, माणसाच्या कपाळाला लावतात तसं, अलगद, तीनदा. त्याच जागी मागच्या वर्षांचे पिवळट डाग होते.

मी दारातच थांबले. वाटलं, एकटेपणाने हिला काही झालंय की काय.

"ये गं, ये," ती म्हणाली. "माझा भाऊ जेवायला बसलाय."

मग तिने सांगितलं. भाऊ, खोकन, तिच्याहून लहान, पूर्व पाकिस्तानात, जेसोरकडच्या गावी. फाळणी झाली तेव्हा ती लग्न होऊन इकडे होती, तो तिकडे घरी. पासपोर्ट आले, व्हिसा आले, तरी दरवर्षी तो भाऊबिजेला यायचा; इथे त्या दिवशी बहीण भावाला जो टिळा लावते त्याला फोंटा म्हणतात. पासष्टच्या लढाईने आगगाडी बंद केली आणि भाऊही बंद झाला. भाऊ परगावी असला तर फोंटा भिंतीला लावायचा, अशी यांची जुनी रीत. परगावी गेलेल्या भावासाठी केलेली रीत. परदेश झालेल्या भावासाठी नव्हे.

मी म्हटलं, "आमच्याकडे भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात."

ती हसली. "तुमचं बरंय बाई. चंद्र त्यालाही दिसतो. ही भिंत काय, माझ्या खोलीतच उभी."

फोंटा लावताना त्या बायका एक ओवी म्हणतात. तिचा भावार्थ असा, की माझ्या भावाच्या कपाळी मी टिळा लावते, यमाच्या दारात काटे पडोत. काटे कुठे घालायचे हे त्या ओवीला ठाऊक आहे. सरकारांना नाही.

मग एकाहत्तर आलं. त्याबद्दल वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलंच असेल. आम्ही वाचलं नाही, त्यात चाललो. पलीकडून जीव घेऊन पळून आलेल्यांमुळे सियालदह स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. विमानतळाच्या बाजूला पसरलेल्या मोकळ्या जमिनीत गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाईप पडले होते. एकेका पाईपात एकेक संसार. मी विद्यार्थ्यांच्या एका मदत समितीबरोबर दूध पावडर वाटायची, बंगाली मोडकं बोलायची, पोरं हसायची. मालतीदी शाळा सुटली की रोज यायची. ती दूध वाटायची नाही. चेहरे बघत फिरायची. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा. "जेसोरचे कोण?" एवढंच विचारायची.

खोकन शेवटी तिलाच शोधत आला. पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी दारात उभा. लुंगी, गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्याची एक काच फुटलेली, मागे बायको. मालतीदीने त्याला आत ओढलं. आधी पाणी तापवलं. मग त्याचे पाय धुताना म्हणाली, "गाढवा, इतका उशीर?" त्या वर्षी भिंतीला सुट्टी होती. तो पाटावर बसला आणि तिने फोंटा लावला तेव्हा मी आणि वहिनी शंख वाजवायचा प्रयत्न करत होतो. शंख वाजला नाही. आम्ही हसून बेजार झालो, खोकन सगळ्यांत जास्त.

त्याच दिवाळीत बालीगंजच्या आपल्या मराठी मंडळींचं आमच्याकडे फराळाला जमणं झालं. बँकेतले एक कुलकर्णीकाका, माणूस भला, दरवर्षी मला चिवडा बांधून देणारा. चकली मोडत म्हणाले, "माणुसकी ठीक आहे हो, पण किती दिवस? बर्लिनला बांधली तशी एक भिंत घातली पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शहराची काय अवस्था झालीय! हे लोक आले की नोकऱ्या गेल्या."

"काका, तुम्ही कुठले?"

"साताऱ्याचा. का?"

"मग इथे कुणाची नोकरी घेऊन बसलात?"

वहिनीने माझ्या पायावर पाय दिला. काका म्हणाले, "आमची बदली झाली गं बाई."

"त्यांचीही झाली. फक्त त्यांना बदलीचा भत्ता मिळाला नाही."

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. पण खरं सांगते, काकांचा राग मला आला नाही, आजही नाही. ट्राममध्ये लोंबकळत ऑफिसला जाणाऱ्याला गर्दी दिसते, आणि गर्दीचा इलाज म्हणून त्याला भिंत सुचते. राग येतो तो त्यांचा, ज्यांना पूर्ण नकाशा दिसतो आणि तरी भिंतच सुचते. माणूस हौसेने घर सोडत नाही. त्याला घालवणारं जे आहे, दंगा, उपास, बंदूक, ते भिंतीच्या पलीकडे तसंच राहतं; भिंत फक्त त्याची पळायची वाट बुजवते. आणि जो पोटासाठी येतो तो भिंतीखालून येतो, दलालाला अर्धी मजुरी देऊन, मग आयुष्यभर पोलिसाला भीत, म्हणून पडेल त्या मजुरीत राबत. भिंतीने येणं थांबत नाही. येणारा स्वस्त होतो.

लढाई संपली, पलीकडे नवा देश झाला, आणि निर्वासितांना परत न्यायला लॉऱ्या लागल्या. आमच्या समितीने पत्रक काढायचं ठरवलं, लिहिणारी मी. "एकालाही परत पाठवू नका" असा मथळा. सियालदहच्या मागच्या छापखान्यातून कच्चा कागद घेऊन मी थेट मालतीदीकडे गेले. खोकनला वाचून दाखवला. वाटलं, खूश होईल.

तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "शुमोन, तू मला माझ्याच घरातून बाहेर काढतेयस."

"मी? मी तुम्हाला इथे ठेवायचं म्हणतेय."

"तेच. तुमच्या वरच्या मजल्यावर येणारे म्हणतात, हाकला. तू म्हणतेस, ठेवून घ्या. दोघंही मला सामान समजता. माझं तळं आहे तिकडे. पानमळा आहे, त्याला कुणी पाणी घातलं नसेल. मला इथे राहायचं नाही गं. मला यायचं आणि जायचंय. त्याचं पत्रक काढ."

मालतीदी आतून ओरडली, "काढू नकोस! राहू दे त्याला इथेच!" मग बहीण-भावाचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं, की लहानपणी कुणी कुणाचा पेरू खाल्ला होता इथपर्यंत गेलं. मी वैतागून वर निघून आले. रात्रभर त्या माणसाशी मनात वाद घातला आणि सकाळी नवा मथळा लिहिला: "जाऊ द्या, येऊ द्या."

समितीत त्यावर बरीच टवाळी झाली. "ही काय बसची आरोळी?" एकजण म्हणाला. पण मी अडून बसले. मागितलं ते साधं होतं. हद्दीजवळ ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना स्थानिक ठाण्यावर मिळणारा पास, जो दाखवून जावं आणि यावं. कापणीच्या हंगामात येणाऱ्या मजुराला नावानिशी परवाना, म्हणजे त्याला ठरलेली मजुरी मागता येईल. हद्दीवर आठवड्याचा बाजार, कारण तिकडचा मासा आणि इकडचं मीठ तसेही एकमेकांना भेटतातच. बंद पडलेली आगगाडी पुन्हा सुरू. आणि जो जीव वाचवायला येतो, त्याला आधी अन्न, मग प्रश्न. हे मागायला फार मोठं डोकं लागत नाही. फक्त पलीकडे माणसं राहतात हे धरून चालावं लागतं.

खोकन गेला. लॉरीत चढताना बहिणीला "जातो" म्हणाला नाही. त्यांच्यातही तसं म्हणत नाहीत, "येतो"च म्हणतात. ते ऐकून मला बेळगावचं स्टेशन आठवलं आणि घरी येऊन आईला चार पानी पत्र टाकलं. बऱ्याच महिन्यांचं साचलं होतं.

आता मित्रदेश झाला होता. आता काय, सगळे म्हणायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. प्रत्यक्षात खोकनचा पासपोर्टचा अर्ज ढाक्याला गेला तो गेलाच. मालतीदीने इकडून व्हिसा मागितला. मी बरोबर होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काम काय? ती म्हणाली, भावाला टिळा लावायचाय. किती वेळाचं काम? एका दुपारचं. तो म्हणाला, एका दुपारसाठी कुणी देश ओलांडतं का बाई? थट्टा नव्हती त्याच्या आवाजात, खरंच कोडं पडलं होतं त्याला.

भाऊबीज जवळ आली तसं मालतीदीने जाहीर केलं, "यंदा भिंतीला लावणार नाही. एकदा खरं कपाळ लागलं हाताला, आता भिंत नको." तिने खोकनला पत्र घातलं: आपल्या पानमळ्याच्या पुढे जिथे पायवाट हद्दीला लागते तिथे सकाळी ये. पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नव्हता. सियालदहहून पहाटेची बनगावची गाडी धरली. तिच्या मांडीवर डबा, डब्यात चंदनाची वाटी, दूर्वा, नारळाचे लाडू. खोकन आला नाही तर ही बाई तिथून परत कशी न्यायची, हा एकच विचार माझ्या डोक्यात.

बनगावपासून सायकलरिक्षा, मग चालत. मी काहीतरी भयंकर बघायच्या तयारीने गेले होते, तार, मनोरे. तिथे भाताचं शेत होतं. लोंब्या भरत आलेल्या. बांधावर सिमेंटचा एक बुटका खांब, पायवाटेवर आडवा बांधलेला बांबू, आणि बांबूपाशी बंदूक घेतलेला जवान. भात इकडे जसा, तसाच तिकडे. पलीकडे झाडाखाली त्यांचा शिपाई उकिडवा बसलेला. आणि त्याच्याशेजारी, छत्री मिटून, खोकन.

मालतीदी पळालीच. जवान पुढे झाला. "रुकिये, माताजी! आगे नहीं!"

त्या हिंदीतला हेल ओळखीचा होता. मी मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

तो दचकला. "मी कराडचा. तुमी?"

"बेळगावची."

"म्हंजे तुमचं बी हद्दीचंच लफडं की ओ ताई!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर मनापासून हसला. मग तोंड सरळ केलं. "पर कायदा कायदा हाय. ह्यांचा हात पलीकडं जायचा न्हाय."

"मग त्याने डोकं इकडे आणलं तर?"

"डोकं आलं म्हंजे मानूस आला का, हे सायबाला इचारावं लागंल. अन् साहेब आज सुट्टीवर."

खोकन बांबूपाशी येऊन उभा होता. दोघांत हातभर अंतर. मालतीदी मला विचारत होती, काय म्हणतो, काय म्हणतो हा? मी भाऊबीज समजावून सांगायला लागले तर तो म्हणाला, "ताई, मला काय शिकिवता? माझ्या चार भनी हैत. आज चौघी चंद्राला ओवाळणार." मग त्याने बांबूकडे बघितलं. "असं करा. हिकडं न्हाय अन् तिकडं न्हाय. बांबूच्या बरोबर वर काय करायचं न्हाय, असा हुकूम मला अजून आलेला न्हाय."

खोकन वाकला. त्याचं कपाळ नेमकं बांबूवर आलं. मालतीदीच्या घाईत पहिला टिळा भुवईवर गेला. "हलू नकोस रे," ती त्याच्यावरच ओरडली. दुसरा नीट बसला. तिसरा लावताना तिने ती ओवी म्हटली, मोठ्याने, शाळेतल्या आवाजात. पलीकडचा शिपाई उठून उभा राहिला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली की उन्हामुळे कपाळ पुसलं, मला सांगता येणार नाही.

मालतीदीने चंदनाची करंगळी जवानापुढेही केली. तो दोन पावलं मागे सरला. "नगं नगं, ड्युटीवर कपाळाला काय लावायचं नसतं. लाडू द्या दोन. अन् एक त्याला बी," त्याने पलीकडे हनुवटीने दाखवलं, "न्हायतर दिवसभर माझ्याकडं बघत बसंल."

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, लहान मुलीसारखी. मी मात्र संतापले होते. कुणावर, तेच कळेना. कराडचा तो पोरगा चांगला निघाला म्हणून एका बहिणीचा सण झाला. उद्या तिथे दुसरा असेल, त्याचा साहेब सुट्टीवर नसेल. खांबाच्या जागी तार येईल, तारेच्या जागी भिंत. तशी भाषा लोक बोलतातच. पहारेकऱ्याच्या मनात दया आहे की नाही यावर भाऊ भेटायचा की नाही हे ठरावं, याला मी राज्यव्यवस्था म्हणत नाही. दया नको. पास द्या.

तुम्ही पत्रातून टोमणा मारता, बंगाली झालीस, आता आपल्या गावासाठी कशाला ओरडशील? ओरडेन. आपली रेघ सरकली पाहिजे. पण ज्या दिवशी ती सरकेल त्या दिवशी गंगव्वा पलीकडे राहील, आणि तिने टोपली घेऊन यायचं की नाही यावर कुणी सभा भरवली, तर त्या सभेत मी तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.

आणि घर कुठलं म्हणून विचाराल, तर मला आता एकाच जागेचं नाव घेता येत नाही. बालीगंजच्या जिन्यात मोहरीच्या तेलाचा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं, याची मला लाजही वाटत नाही. येत्या मे महिन्यात बेळगावला येतेय. मी उतरेन तेव्हा आई दारातच अडवेल मला. वाळलीस किती, म्हणेल. जेवलीस का गाडीत? कुणाबरोबर आलीस? पिशवीत काय आहे? राहणार किती दिवस? जगातल्या प्रत्येक हद्दीवर हेच प्रश्न विचारतात, जवळजवळ याच क्रमाने. फरक एवढाच, की आई उत्तराची वाट न बघता आधी बाजूला होऊन वाट देते.